लाल्याने मान कशी वाकवली

मला सगळ्या पशुपक्ष्यांच्या भाषा येतात. सगळ्या म्हणजे कोंबडीची. येते म्हणजे, ती ओरडली की ती ओरडली एवढं कळतं. बाकीचं मी पदरचं घालतो. तेव्हा बाळांनो, आणि बाळ म्हटल्यावर मिशीला पीळ देणाऱ्या थोरांनो, मुकाट बसा आणि ऐका.

एका जंगलात वाघाला कोणी घाबरत नसे, पण सत्कार समारंभाला सगळे घाबरत. त्या जंगलात कोंडाबाई नावाची कोंबडी राहत होती. तिचं खुराडं सुतारपक्ष्यानं बांधलं होतं. पिल्लं अंड्यातून निघाली त्याच दिवशी तो माप घ्यायला आला. एक पिल्लू उचललं, ते लिंबाएवढं भरलं. त्यानं लिंबांच्या हिशेबानं खुराडं बांधलं आणि उडून गेला.

लिंबं वाढली. बघता बघता त्यांचे भोपळे झाले. त्यातला थोरला लाल्या. त्याला तुरा फुटला आणि कंठही फुटला. तोवर कोंडाबाई पुन्हा खुडूक बसली आणि नवी लिंबं निघाली. त्यात सगळ्यांत बारकी टिकली.

खुराड्यात पाय ठेवायला जागा उरेना. सुतारपक्ष्याला निरोप गेला. तो म्हणाला, "खुराडं बरोबर आहे, मावशी. पिल्लं चुकलीत."

मग व्हायचं तेच झालं. कण्या टाकल्या की भोपळे पुढे, लिंबं मागे. स्वतःचं खाऊन झालं की लाल्या टिकलीच्या डोक्यात चोच मारी. एकदा रक्त निघालं. कोंबड्यांचं हे वाईट असतं बाळांनो, रक्त दिसलं की सख्खा भाऊसुद्धा टोचायला येतो. माणसांत असं नसतं. माणसांत आधी जमीन दिसावी लागते.

कोंडाबाई पंचायतीत गेली. "माझं पोर मरेल," ती म्हणाली. "धाकट्यांसाठी वेगळा आडोसा द्या."

सरपंच मोर होता. वेगळं हा शब्द त्याच्या कानाला सहन होत नसे.

"कोंडाबाई, आज आडोसा मागताय, उद्या भिंत मागाल. सगळ्यांनी एका छपराखाली राहायचं, ही आपल्या जंगलाची रीत. थोरल्यांकडून धाकटी शिकतात."

"शिकतात ना. टिकली मार खायला शिकली."

"संस्कार कमी पडले."

"सरपंच, तुमची पिल्लं कुठं असतात?"

"लांडोरीकडे."

"आणि तुम्ही?"

"मी वरच्या फांदीवर. मला दौरे असतात," मोर म्हणाला आणि त्यानं सभा संपवली.

कोंडाबाई तडक सुगरणीकडे गेली. सुगरण सभेला कधी जात नाही, त्यामुळे तिला कामाला वेळ असतो. तिनं काड्यांची डाल विणून दिली, म्हणजे पालथी घालायची मोठी टोपली, भोकाभोकांची. भोकं अशी की टिकली आरपार जाईल आणि लाल्याचा खांदा अडेल. कोंडाबाईनं डाल खुराड्याच्या मधोमध पालथी घातली आणि निम्म्या कण्या आत सारल्या.

टिकली आत शिरली. तिच्यामागून सगळी लिंबं शिरली. जन्मात पहिल्यांदा पोटभर जेवली.

लाल्या बाहेरून बघत राहिला. "आई, ही काय पद्धत झाली? मी थोरला आहे."

"थोरला आहेस म्हणूनच बाहेर आहेस."

लाल्याला ते लागलं. त्यानं दम खाऊन मान आत घातली. चोच गेली, तुरा गेला, मान गेली, खांदा राहिला. मागे घ्यावी तर तुरा काडीत अडके. लिंबं पलीकडच्या बाजूला सरकली आणि जेवत राहिली. लाल्या ओरडायला गेला, पण गळ्याशी काडी. आवाज निघेना.

नेमकी तेव्हाच पंचायत पाहणीला आली. मोरानं दारातून आत डोकावलं. मधोमध मखर. मखरात धाकटी मंडळी जेवतायत. आणि थोरला त्यांच्यापुढे मान वाकवून उभा, हूं नाही की चूं नाही.

मोराचे डोळे भरून आले. "बघा. याला म्हणतात संस्कार."

"सरपंच, तो अडकलाय," कोंडाबाई म्हणाली.

"मायेत सगळेच अडकतात, बाई."

तिथल्या तिथं आदर्श एकत्र कुटुंबाचा मान कोंडाबाईच्या घराला मिळाला. शाल लाल्याच्या पाठीवर टाकली, कारण न हलणारा तो एकटाच होता. मोर तासभर बोलला. तो गेल्यावर कोंडाबाईनं काडी वाकवून पोराला सोडवलं. तेव्हापासून लाल्या डालीकडे फिरकला नाही आणि टिकलीच्या डोक्यावरची जखम सुकून तिथं पिसं आली.

जंगलात मात्र फर्मान निघालं. प्रत्येक घरच्या थोरल्यानं रोज सकाळी घटकाभर टोपलीत मान घालून उभं राहायचं. अजून राहतात. टोपलीत धाकटं कोणी नसलं तरी राहतात.

तात्पर्य: थोरल्यांना नम्रता यावी म्हणून संस्कारांवर वेळ घालवू नये. भोक लहान ठेवावं.

हे तात्पर्य मी कोंडाबाईला वाचून दाखवलं. तिनं मान तिरकी करून ऐकून घेतलं.

"आजोबा, टिकली रोज वाढतेय," ती म्हणाली. "चार दिवसांनी ती त्या भोकातनं जायची नाही. तेव्हा तिला आत ठेवू की बाहेर, तेवढं लिहा."