दंडातला उंदीर

आमचे शेजारी बिराजदार सर भेटले, की नमस्काराआधी माझा दंड चाचपतात. "आहे, आहे, उंदीर आहे," म्हणतात आणि मग अर्धा तास सोडत नाहीत.

सर नळदुर्गात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. मुलं सुटली, गल्ली सापडली. इंग्रजांचा माऊस, जर्मनांचाही माऊस, लॅटिनातला मूस आणि आपल्या गणपतीचा मूषक ही सगळी एकाच घरातली भावंडं, असं ते भाजीवालीलासुद्धा थांबवून सांगतात. दंड फुगवला, की रोमन लोकांना कातडीखाली उंदराचं पिल्लू पळाल्यासारखं वाटे. म्हणून ते त्याला 'मुस्कुलुस' म्हणाले, म्हणजे छोटा उंदीर. त्याचंच पुढं इंग्रजीत मसल झालं. "आपल्याला तिथं बेटकुळी, म्हणजे बेडकी दिसली. नजर ज्याची त्याची," हे सरांचं पालुपद. तोवर भाजीवाली पुढच्या गल्लीत पोचलेली असते.

दिवाळीनंतर काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, लकवा झाला. बोलणं परत आलं, पण उजवा हात काही हलेना. आणि सर रोज तालमीत जाऊन बसू लागले. बायको घरात पडलेली नि हे पैलवानांचे दंड चाचपतायत, याचा मला भारी राग यायचा. पैलवानही वैतागलेले. "सर, वाघ म्हणा, लांडगा म्हणा. उंदीर कशाला?" एकानं हात जोडून विनवलं.

परवा संध्याकाळी माझ्या बायकोनं काकूंसाठी गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, दिली, ती घेऊन गेलो. दार उघडंच होतं. सर जमिनीवर बसून काकूंच्या हाताला करडईचं तेल चोळत होते. कोपरापासून खांद्याकडं, अंगठा दाबून, अगदी तालमीतले वस्ताद चोळतात तसं. हे शिकायला ते तिथं जात होते तर. माझा राग कुठल्या कुठं गेला.

"ये रे बाबा बाहेर, भिऊ नको," सर त्या दंडाशी बोलत होते.

काकू म्हणाल्या, राहू द्या, दमला असाल. सरांनी ऐकलं नाही. तेवढ्यात कातडीखाली काहीतरी इवलंसं सरकलं. आम्ही तिघांनीही पाहिलं.

सरांचा अंगठा तिथंच थांबला. डोळे घळाघळा वाहायला लागले. काकूंनी डाव्या हातानं पदर ओढून त्यांचं तोंड पुसलं.

"आता सांगा की," त्या म्हणाल्या, "ती रोमची माणसं काय म्हणतेत ह्याला? मला न्हाय कटाळा येत."