गोट लावण्याचं तासाभराचं काम

गोधडी चार महिने खुर्चीच्या पाठीवर पडून होती आणि ही गोष्ट त्याला रोज सकाळी चहाच्या वेळी बोलून दाखवल्याशिवाय राहवत नसे.

तसं गोधडीचं सगळं झालं होतं. लेकीचे लहानपणीचे फ्रॉक, जुने पडदे आणि त्याचे ऑफिसचे पांढरे-निळे शर्ट कापून बायकोने ते सारे तुकडे जोडले होते. आत कापूस, खाली अस्तर, वरून हाताचा धावदोरा. राहिला होता फक्त गोट. म्हणजे चारी कडांवरून दुमडून शिवायची ती अरुंद पट्टी, जिच्यामुळे कापूस बाहेर डोकावत नाही आणि गोधडी गोधडीसारखी दिसते. लेकीला थंड हवेच्या गावी नोकरी लागली होती आणि रविवारी दुपारच्या बसने ती निघणार होती. गोधडी तिच्यासाठीच होती.

गुरुवारी चहा पिता पिता तो म्हणाला, "आता तरी होणार का हे? गोट लावायचा म्हणजे असतं काय? पट्टी कापायची, चारी बाजूंनी शिवायची. तासाभराचं काम. चार महिने लोळतंय."

बायकोने शिवणाच्या डब्यातलं अंगुस्तान, शिवताना बोटात घालायचं टोपण, काढून त्याच्या बशीत ठेवलं. "मग तुम्हीच लावा," ती म्हणाली. रागाने नाही. दूध उतू जाईल, जरा बघा, असं सांगावं तितक्या साधेपणाने म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

इथे त्याने हसून विषय सोडून दिला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण तो माणूस चौतीस वर्षं सरकारी नकाशे काढून निवृत्त झाला होता. ऑफिसात त्याला 'मिलिमीटर' म्हणत. (हे त्याला निरोपसमारंभाच्या भाषणात कळलं. तोपर्यंत त्याला वाटायचं, आपल्याला सगळे साहेब म्हणतात.) ज्याने नद्या आणि हद्दी आखल्या त्याला गोधडीची कड जमणार नाही?

त्याने जेवणाच्या टेबलावर गोधडी पसरली आणि टेप काढला. डावी बाजू दोनशे बारा सेंटिमीटर भरली. उजवी दोनशे नऊ. त्याने पुन्हा मोजलं, मग टेप बदलून मोजलं.

"ही आयताकृती नाही," तो खिडकीच्या दिशेने म्हणाला.

"ती गोधडी आहे," बायको म्हणाली.

त्याने आलेखाचा कागद घेतला, चारी बाजू मांडल्या, बेरीज केली आणि निळ्या कापडाच्या मिळून बरोबर तेवढ्या लांबीच्या सात पट्ट्या कापल्या. एक सेंटिमीटर इकडे नाही की तिकडे नाही. त्या एकमेकींना जोडताना प्रत्येक जोड दोन्हीकडचं थोडं कापड खातो आणि कोपऱ्यात वळताना प्रत्येक वळण आणखी खातं, हे नकाशात येत नाही. जोडून झाल्यावर कळलं की मधली एक पट्टी उलटी लागली आहे, फिकी बाजू वर. ती त्याने तशीच ठेवली. इतक्या बारकाईने कोण बघतंय, असं चौतीस वर्षांत तो पहिल्यांदाच मनाशी म्हणाला.

मग मशीन. बायकोचं हाताने फिरवायचं मशीन त्याने टेबलावर आणलं, पट्टी कडेवर दुमडून धरली आणि टीप मारायला लागला. वरून बघाल तर सुरेख, रेघ मारल्यासारखी. एक अख्खी बाजू संपल्यावर त्याने गोधडी मोठ्या दिमाखाने उचलली आणि तिच्याबरोबर टेबलक्लॉथ उचलला गेला. टेबलक्लॉथवर पाण्याचा जग होता, आलेखाचा कागद होता आणि बिस्किटांचा डबा होता. जग त्याच्या पायावर पडला. बिस्किटं सगळीकडे.

खिडकीपाशी बसलेल्या बायकोने मान वळवली. "काय पडलं?"

"काही नाही."

"पाणी पडलं वाटतं."

"दिसतंय ना. मग विचारतेस कशाला?"

तिने मान परत खिडकीकडे वळवली. त्याला त्या मान वळवण्याचाच राग आला.

टेबलक्लॉथ सोडवण्यासाठी सगळं उसवावं लागलं. उसवताना त्याने गोधडी उलटी केली आणि कळलं की टेबलक्लॉथ नसता तरी उसवावंच लागलं असतं. वरून रेघ होती, पण खालच्या बाजूला टीप पट्टीला धरतच नव्हती. चार बोटं धरलेली, मग एक वीत मोकळी, मग पुन्हा दोन बोटं. मोकळ्या जागी दोऱ्याची छोटी छोटी घरटी झाली होती. त्याने दाढीचं ब्लेड आणलं. ब्लेडने दोरा कापला जातो. जोर जरा जास्त लागला की अस्तरही कापलं जातं.

"काय फाटलं?" बायको म्हणाली.

"काही नाही फाटलं."

"काही नाही फाटताना इतका आवाज येत नाही."

शुक्रवार त्या चिरेला ठिगळ लावण्यात आणि पट्टी पुन्हा शिवत नेण्यात गेला. कुठलाही माणूस इथे म्हणाला असता, बाई गं, चुकलं माझं, तूच बघ. त्यानेही ते वाक्य मनात दोनदा तयार केलं. पण म्हणायला गेला की समोर ती बसलेली असायची, हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर, त्याच्या कामाकडे ढुंकूनही न बघता. ही मजा बघते आहे, त्याला वाटलं. बघतसुद्धा नाही, म्हणजे केवढा तोरा. एकदाच ती उठून टेबलापाशी आली. तिने कोपऱ्यावरून बोटं फिरवली आणि परत जाऊन बसली. (तो कोपरा कोपरा नव्हता, गाठोडं होतं. दुसरा कोपरा तर वळायचंच विसरून सरळ पुढे निघून गेला होता.)

शनिवारी सकाळी शेवटच्या कोपऱ्यापाशी पट्टी संपली. बरोबर एक वीत आधी. त्याने ओढली. ओढल्यावर पट्टी पुरली नाही, पण गोधडीच्या कडेला लाटा उठल्या. निळं कापड संपलं होतं. तो उरलेला एक चिंधीएवढा तुकडा खिशात टाकून कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेला.

टेलरने तुकडा उजेडात धरला. "हा निळा नाही मिळायचा, काका. तपकिरी आहे. कोण लावतंय गोट?"

"बायको," तो म्हणाला.

आयुष्यात बायकोच्या नावावर ढकललेली ही पहिली गोष्ट नव्हती, पण इतक्या झटकन कधी जमलं नव्हतं.

टेलरचा चेहरा उजळला. "म्हणजे काकूंचे डोळे बरे झाले? चांगलं झालं. मला काळजीच लागली होती."

"डोळ्यांना काय झालं?"

टेलरला वाटलं, काका विचारतायत की नेमकं निदान काय झालं. "ते मी कसं सांगणार, तुम्हीच सांगा. मला एवढंच ठाऊक, त्या दर आठवड्याला सुया घेऊन यायच्या. दहा-बारा सुया मी ओवून कागदात टोचून द्यायचो, की त्यांचं आठवड्याचं काम व्हायचं. धावदोरा सगळा त्यावरच केला त्यांनी, बोटांच्या अंदाजाने. मग चार महिन्यांपूर्वी आल्या आणि म्हणाल्या, आता ओवलेली सुईही दिसत नाही, राहू दे. डॉक्टर काय म्हणाले?"

"बघतोय आम्ही," तो म्हणाला आणि तपकिरी कापड घेऊन निघाला. बाहेर उन्हात त्याच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो ते बोललोच, वर 'बघतोय' म्हणालो.

घरी बायको खिडकीपाशी होती. तो दारातच उभा राहिला. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, सहा हातांवर. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. उजेड तेवढा होता.

"डोळ्यांचं मला का नाही सांगितलंस?"

तिने जरा आठवल्यासारखं केलं. "सांगितलं होतं. गेल्या वर्षी. तुम्ही म्हणालात, चष्मा पुसत जा."

त्याला ते आठवेना. पण वाक्य आपलंच आहे, हे त्याने ओळखलं. असं दुसरं कोणी बोलत नाही.

"एकदाच सांगायचं असतं का?"

"दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तुम्ही पेपर वाचत होता."

तो टेबलापाशी जाऊन बसला आणि तपकिरी तुकडा निळ्या पट्टीला जोडायला लागला. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "आधी पाठीच्या बाजूने शिवा, मग पुढे वळवा. म्हणजे टीप डोळ्यांसमोर राहते."

"हे गुरुवारी सांगायचं."

"गुरुवारी तासाभराचं काम होतं."

ती डोळे मिटून सांगत गेली. कोपरा आला की पाव इंच आधी थांबा. सुई वर घ्या. पट्टी आधी वर दुमडा, मग खाली. ओढू नका, ती आपोआप येते. तो ऐकत गेला. उरलेला तो एकच कोपरा बऱ्यापैकी कोपऱ्यासारखा झाला. बाकीचे तीन उसवून परत करायला ना कापड उरलं होतं ना वेळ.

रविवारी सकाळी लेक हॉस्टेलवरून बॅगा घेऊन आली. आईने गोधडी तिच्या हातात दिली. लेकीने ती उघडली, गालाला लावली आणि मग तिचा हात कडेवर गेला. लाटा, गाठोडी, फिकी पट्टी, शेवटी वीतभर तपकिरी. ती आईकडे बघत राहिली.

"आई, तुला दिसत नाही का नीट?"

"कमी दिसतंय गं."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

लेक बापाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "बाबा, हे टाके बघा. आई असा गोट लावेल? आंधळ्या माणसाने लावलाय हा. तुम्ही घरात असता दिवसभर. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

'मी लावला' हे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले. बायको शांतपणे त्याच्याच दिशेने तोंड करून उभी होती. त्याने विचार केला की आता खरं सांगितलं तर लेकीला वाटेल, आईचे डोळे ठीकच आहेत, आणि सगळं पुन्हा बारगळेल. विचार चांगला होता. फक्त तो त्याला गप्प बसल्यानंतर सुचला.

"चुकलं," तो म्हणाला. कशाबद्दल ते त्याने सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

दुपारी लेक गोधडी काखेत मारून बसमध्ये चढली. चढता चढता म्हणाली, "उद्या डॉक्टर. उद्या म्हणजे उद्या, बाबा."

सोमवारी डोळ्यांच्या दवाखान्यात तासभर बसावं लागलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला नेमक्या. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. डाव्यात काचबिंदू. तिथली गेलेली नजर परत येत नाही, आता उरली आहे ती राखायची. "वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं," त्या म्हणाल्या.

त्याने मान खाली घातली. बायकोने घातली नाही. तिने औषधाच्या वेळा विचारल्या, ऑपरेशनचा दिवस विचारला, पर्स बंद केली आणि मग म्हणाली, "आलोच आहोत तर यांचेही डोळे तपासा."

"यांना काय त्रास आहे?"

"जवळचं दिसत नाही."

तो काही बोलणार, तोवर डॉक्टरीणबाईंनी त्याला खुर्चीत बसवलंसुद्धा. हनुवटी इथे टेका, समोर बघा, आता हा कागद वाचा. त्याने आपला चष्मा घालून अगदी तळची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ न अडखळता वाचली. त्यांनी कागद पुढे-मागे करून पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचली.

"नवल आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जवळचं तर यांना उत्तम दिसतंय. ही तक्रार कधीपासूनची?"

"अडतीस वर्षं झाली," बायको म्हणाली. "लग्न झालं तेव्हापासून."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि त्याच्या कागदावर तसं लिहून घेतलं.