दोन रिंगा आणि आईचा नंबर

आमच्या घरात मोबाइलचं काहीही बिघडलं की सगळे मला हाक मारतात. आणि मारावीच! लग्नाआधी मी एका मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये होते. तक्रार घेऊन आलेला माणूस माझ्याशी बोलून आभार मानून फोन ठेवायचा. त्याची तक्रार तशीच असायची, तो भाग वेगळा. पण त्या नोकरीमुळे टॉवर, रेंज, सिम या विषयांत घरात माझा शब्द शेवटचा. म्हणून समोरच्या इमारतीवरचा टॉवर काढला आणि आमच्या स्वयंपाकघरातली रेंज गायब झाली, तेव्हा मी पदर खोचला. (पदर नव्हता, गाऊन होता. पण खोचला!)

टॉवर काढला तो तिथल्याच लोकांनी अर्ज करकरून. त्याच्या लहरींनी डोकं दुखतं म्हणे. आता रेंज नाही म्हणून सगळे गच्चीत उन्हात उभे राहून बोलतात आणि त्यानेही डोकं दुखतं!

"अगं, पण टॉवर गेला तर फोन चालतो कसा?" सासूबाईंनी विचारलं.

"दुसऱ्या टॉवरवरून. आपण चालत राहिलो की फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे जातो. आपली ढमी झोपलेली असताना मी तुमच्या कडेवर देते ना, तस्सं! एकीने सोडायच्या आत दुसरीने धरायचं. जमलं तर ढमीला कळतसुद्धा नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर भोंगा!"

ढमी म्हणजे माझी लेक. अजून बोलत नाही, रांगते. बटण दिसलं की दाबते. मिक्सरचं, पंख्याचं, शेजारच्यांच्या बेलचं, आजोबांच्या सदऱ्याचं. सदऱ्याचं बटण दाबून काही वाजत नाही म्हणून रागावते.

हे आजोबा म्हणजे माझे बाबा. आई गेल्यावर मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. आई गेली तेव्हा ढमी नुकती पालथी पडायला लागली होती. बाबांनी येताना एक बॅग आणली आणि आईचा फोन आणला. जुना, बटणांचा. तो त्यांनी काही न बोलता आमच्या फ्रिजवर ठेवला आणि चार्जिंगला लावला. 

त्या फोनचं एकच काम. बाबा संध्याकाळी फिरायला जातात, परत येताना कोपऱ्यावरून आईला दोन रिंगा देतात आणि बंद करतात. अर्थ असा, की कोपऱ्यावर आलोय, चहा टाक. एक रिंग म्हणजे उशीर होईल. तीन म्हणजे किल्ली विसरलोय. माझ्या लहानपणापासून हीच भाषा. आईने तो फोन कधी म्हणजे कधी उचलला नाही. उचलला तर पैसे पडतात! कॉल फुकट झाले, सगळं जग तासन्‌तास बोलायला लागलं, तरी हे दोघं दोन रिंगांवरच. मला वाटतं, जगातला सगळ्यात स्वस्त संसार माझ्या आईवडिलांनी केला असेल.

आमच्याकडे आल्यावर पहिल्याच संध्याकाळी फ्रिजवर दोन रिंगा वाजल्या. मी हातातली कणीक तशीच ठेवून चहा टाकला. बाबा आले, चपला काढल्या, कप घेतला. तेव्हापासून रोज असंच. याबद्दल कुणी कुणाशी बोललेलं नाही. बोलायचं काय!

आणि आता टॉवर गेला. चार दिवसांत दोनदा रिंग वाजलीच नाही. दोन्ही वेळा बाबा घरी आल्यावर नुसते गॅसकडे बघत उभे राहिले. चहा नव्हता म्हणून नव्हे. चहा काय, मी लगेच टाकला.

म्हणून मी ठरवलं. सगळ्या घराचे नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचे, तिचा टॉवर जवळ होता. नंबर तोच राहतो, कंपनी बदलते. एक मेसेज पाठवायचा, उत्तरात कोड येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा, की त्यांचा माणूस सिम घेऊन दारात! आईच्या फोनवरूनही मी ढमीला मांडीवर घेऊन मेसेज पाठवला. ढमीने दोन बटणं जास्तीची दाबली, तरीही कोड आला.

"आईंचा पण?" नवऱ्याने विचारलं. "तो त्यांच्या नावावर आहे ना?"

"नावाचं काय! नंबर तोच ना? तू तुझं ऑफिस बघ."

दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या कंपनीचा माणूस आला. भरघोस मिशीचा, घामाघूम. बाबा आत झोपले होते. माणसाने फोन काढला आणि म्हणाला, "ताई, पहिलं सिम... आजी आहेत का? त्यांचा लाइव्ह फोटो लागेल. डोळ्यांची उघडझाप करायची."

"आलेच!" आतून सासूबाई ओरडल्या. फोटो म्हटल्यावर त्या तोंड धुऊन, पावडर लावून, साडी बदलून आल्या. खुर्चीत ताठ बसल्या. मी ढमीचं दूध गरम करत होते, माझं लक्ष नव्हतं.

"डोळे मिटा. उघडा. पुन्हा मिटा."

सासूबाईंनी अशी उघडझाप केली की रेल्वेचा सिग्नल लाजावा!

"जुळत नाही," माणूस म्हणाला.

"चष्मा काढते."

"नाही जुळत."

"आता पावडर पुसू का?"

"आजी, मशीन म्हणतंय तुम्ही त्या नाहीच."

"म्हणजे काय! मी मीच आहे!" सासूबाई कडाडल्या. "या घरात सगळ्यात जुनी मी! सूनबाई, सांग गं यांना!"

मी दूध घेऊन बाहेर आले आणि त्या माणसाच्या फोनवर बघितलं. पडद्यावर ओळखपत्राचा फोटो होता. आईचा. केसांना तेल, ओठ घट्ट मिटलेले, सरकारी फोटोत करते तसा चेहरा. खाली लाल अक्षरांत: चेहरा जुळत नाही.

सासूबाईही वाकून बघत होत्या. त्यांचा सगळा आवाज उतरला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "या तर विहीणबाई."

"मग त्यांना बोलवा ना," तो म्हणाला. "मला पुढे अजून पाच घरं आहेत."

 शेवटी सासूबाईच, गालावर पावडरचे पट्टे घेऊन, हळूच म्हणाल्या, "त्या नाही येणार, दादा."

त्याला कळलं. त्याने फोन खाली केला. मग म्हणाला, "ताई, हे असं होणार नाही. आधी जुन्या कंपनीत जाऊन नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. नियम आहे." सासूबाईंनी त्याला पाणी दिलं. बाकीची सिमं तिथेच राहिली. त्यात आता कुणाचंच लक्ष नव्हतं.

बाबांना कळायच्या आत काम उरकायचं, हे मी ठरवून टाकलं. त्यांना कशाला त्रास? ढमीला पोटाशी बांधलं, आईच्या मृत्यूचा दाखला पिशवीत घातला आणि जुन्या कंपनीच्या दुकानात जाऊन पोचले. काउंटरवर एक मुलगी होती. मी जुन्या सवयीने गोड आवाजात सगळं समजावलं.

"म्हणजे नंबरच्या मालक हयात नाहीत?"

"नाहीत."

तिने एक बटण दाबलं. "ठीक आहे. नंबर बंद केलाय. आता वारसांना घेऊन या."

"बंद?" मी इतक्या जोरात म्हणाले की ढमी दचकली. "अहो, बंद नव्हता करायचा! चालू राहावा म्हणून तर आले!"

"नियम आहे मॅडम. गेलेल्या माणसाच्या नावाचं सिम चालू ठेवता येत नाही. कुणाच्या हातात पडलं, कुणी फसवाफसवी केली, तर?"

"त्यावर फक्त दोन रिंगा येतात हो!"

"उद्या सकाळी या, वारसांना घेऊन."

हेच वाक्य मी याच आवाजात किती लोकांना ऐकवलं असेल! त्यांनी माझे आभार मानले होते. मला काही ते जमलं नाही.

आता संध्याकाळचा प्रश्न. पण मी काय अशी तशी नाही! घरी आले. बाबा आंघोळीला गेले होते. त्यांच्या फोनमध्ये आईच्या नावापुढे माझा नंबर घातला. माझ्या फोनला आईच्या फोनसारखीच किरकिरी रिंग लावली. आणि तो खिडकीशी ठेवला, तिथे अजून जरा रेंज असते. किती हुशारी! बाबा फिरायला गेले आणि मी पातेल्यात पाणी घालूनच उभी राहिले.

रिंग वाजली नाही. फोनकडे बघितलं, रेंज होती. तरीही वाजली नाही. दाराची बेल वाजली.

बाबा आत आले. चपला काढल्या नाहीत.

"त्या बाई काय म्हणतात माहितेय?" ते म्हणाले. "आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

मी त्यांच्या फोनकडे बघत राहिले आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा नाव शोधून फोन लावतच नाहीत! ते आकडे दाबतात. एकेक, अंगठ्याने, न बघता.

"पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी म्हटलं, अहो, अस्तित्वात नाही असं कसं? इतकी वर्षं होता की! ऐकतच नाहीत. तेच तेच बोलतात."

"बाबा, ते रेकॉर्ड केलेलं असतं."

"ते ठाऊक आहे मला. पण बोलायची काही पद्धत?"

मग मी सगळं सांगितलं. टॉवर, कोड, मिशीवाला, सासूबाईंची पावडर, बटण. मला वाटलं रागावतील. ते खुर्चीत बसले आणि ढमीला मांडीवर घेतलं. तिने त्यांच्या सदऱ्याचं बटण दाबलं. काही वाजलं नाही.

"उद्या जाऊ," ते म्हणाले.

दुकानात तीच मुलगी होती. अर्ज भरताना तिने विचारलं, "मृत व्यक्तीशी नातं?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "मी मिस्ड कॉल देतो," ते म्हणाले.

"मिस्टर," मी घाईघाईने म्हणाले. "त्यांचे मिस्टर."

तिने संगणकात बघितलं आणि भुवया चढवल्या. "काका, हा नंबर तसाही जाणारच होता. यावर ना कॉल उचललाय, ना केलाय. नुसता एक मेसेज दिसतोय, परवाचा."

"रोज वापरतो आम्ही!" बाबा म्हणाले.

"मिस्ड कॉल वापरात धरत नाहीत. कुणी उचलला तरच कॉल. ठरलेल्या मुदतीत वापर नाही झाला, तर नंबर काढून घेतात आणि काही दिवसांनी दुसऱ्या कुणाला तरी देतात. नंबर कमी पडतात ना!"

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी रोज भलत्याच माणसाला दोन रिंगा दिल्या असत्या?"

"हो."

"आणि त्याने चहा टाकला असता?"

त्या मुलीला काही कळलं नाही. मी मात्र हसले, आणि हसता हसता माझं नाक वाहायला लागलं.

"नंबर कुणाच्या नावावर करायचा?"

"हिच्या," बाबा म्हणाले.

मला खुर्चीत बसवलं. पोटाशी ढमी, समोर कॅमेरा. "डोळे मिटा," मुलगी म्हणाली. मी मिटले. "उघडा." उघडले आणि सगळं गालावर आलं. इतके दिवस आलं नव्हतं. स्वयंपाक, दूध, लंगोट, कुणाला वेळ होता? ते नेमकं कंपनीच्या काउंटरवर आलं, मागे रांग असताना!

"जुळलं," मुलगी हळूच म्हणाली, आणि कागदी रुमालांचा डबा माझ्यापुढे सरकवला. बाबा पडद्याकडे बघत होते. "ओठ आईसारखे मिटतेस," ते म्हणाले.

नवं सिम दुसऱ्या दिवशी दुपारी चालू झालं. स्वयंपाकघरात रेंज नव्हतीच, म्हणून आईचा फोन मी खिडकीशी ठेवला. ती खिडकी जवळजवळ जमिनीपर्यंत येते. खाली ढमीची सतरंजी असते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

संध्याकाळी एक रिंग वाजली. मी गॅसकडे धावले. दुसरी अर्धीच वाजली.

वळून बघते तर ढमीच्या दोन्ही हातांत फोन. हिरवं बटण चमकत होतं, स्पीकरचंही दाबलं गेलं होतं आणि ढमी फोनच्या उलट्या बाजूला तोंड लावून "बाऽऽ" म्हणत होती.

फोनमधून बाबा ओरडले, "अगं, उचललास कशाला? पैसे पडतील!"

 मी जागची हलले नाही. फोनमधून नुसते गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, आणि त्यांचा श्वास.

"बाऽऽ," ढमी म्हणाली.

"हो," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "कोपऱ्यावर आलोय गं. इथे भाजीवाली आवरतेय. आज जरा गार आहे." पुढेही ते बोलतच राहिले. भाजीवालीने पालक कसा दिला, वाटेत कोण भेटलं, गुडघा कसा आहे. आईला हे सगळं ते घरी आल्यावर, चहा पिताना सांगायचे. ढमी मध्ये मध्ये "बाऽऽ" करत होती. सासूबाई दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि मला खुणेने सांगत होत्या, घेऊ नको, घेऊ नको तिच्या हातातून!

चहा उतू गेला. सगळा. शेगडी विझली.

तेव्हापासून रोज ढमीच उचलते. नियमाने तो वापर धरतात, त्यामुळे नंबर जाण्याची भीती नाही. दुसऱ्या कंपनीत जायचं राहूनच गेलं. रेंज अजूनही खिडकीतच येते. नंबर माझ्या नावावर आहे, पण तो फोन उचलायची मला परवानगी नाही. मी आपली चहा टाकते, दोनदा. पहिला उतू जातोच.