तिसऱ्या ओळीचा सूर

बोरिवलीच्या एका साखरपुड्यात भर दुपारी वीज गेली आणि चंद्रप्रकाश पेडणेकरची गिटार मुकी झाली. ढोलकी वाजत राहिली, पेटी वाजत राहिली, वनमालाबाई घसा ताणून गात राहिल्या. चंद्रप्रकाशनेही हात थांबवला नाही. पण त्याची लालभडक इलेक्ट्रिक गिटार विजेवाचून डासाएवढंच गुणगुणायची. पहिल्या रांगेतला मुलाचा मामा म्हणाला, "अहो गिटारवाले, नुसतं खाजवत कशाला उभे राहताय? बसा, सरबत घ्या."

मांडव हसला त्याचं एवढं नव्हतं. पण ऑर्केस्ट्राचा मालक लवू सावंतही हसला, आणि सामान आवरताना वर म्हणाला, "चंदू, आपल्यात तू एकटाच असा की वीजकंपनीच्या मेहेरबानीवर कलाकार आहेस."

आठ वर्षं ऑर्केस्ट्राचं प्रत्येक गाणं या माणसाला चंद्रप्रकाशने बसवून दिलं होतं. वनमालाबाई त्याच्याकडून चाली शिकायच्या, पेटीवाला त्याच्या मागोमाग बोटं फिरवायचा. आणि हा लवू त्याला हसतो? मुलुंडला घरी पोचेपर्यंत त्याचा निश्चय झाला होता. विजेवरही वाजेल आणि विजेशिवायही वाजेल, अशी गिटार घ्यायची. पोकळ लाकडी पेटीची, आत तारांचा आवाज स्पीकरकडे पोचवणारं पिकअप बसवलेली.

पुढच्या शनिवारी तो बायकोला घेऊन सांताक्रूझच्या एका दुकानात गेला. दुकानदार ब्रागांझा म्हातारा, शांत आणि फार स्पष्ट बोलणारा होता.

"इलेक्ट्रिकवाले तुम्ही?" त्याने चंद्रप्रकाशची बोटं बघून विचारलं. "मग लहान पेटीची घ्या. तारा पातळ लावून देतो. सवय होईपर्यंत बरं पडतं."

"सवय? आठ वर्षं स्टेजवर आहे मी."

"तेच तर. इलेक्ट्रिकवर मशीन मदत करते. ही कोणाला मदत करत नाही. जे वाजवाल तेच ऐकू येईल."

चंद्रप्रकाशला हा सरळसरळ अपमान वाटला. त्याने दुकानातली सगळ्यात मोठ्या पोटाची, सगळ्यात जाड तारांची गिटार मागितली. ब्रागांझा म्हणाला, बसून वाजवून बघा. चंद्रप्रकाश म्हणाला, आम्ही उभ्याने वाजवतो. अनुपमा म्हणाली, "अहो, ते सांगतायत तर ऐका ना जरा." त्यावर त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती गुपचूप बाकावर जाऊन बसली.

खरी पंचाईत रविवारी सकाळी सुरू झाली. दर रविवारी नऊ ते अकरा चंद्रप्रकाश घरी रियाज करायचा. अ‍ॅम्प्लिफायर लवूच्या घरी भांडुपला असल्यामुळे ही आठ वर्षं तो रियाज कोणाला ऐकूच गेला नव्हता. अनुपमा शेजारी बसून तांदूळ निवडायची आणि पुतण्यांना सांगायची, "काकांची साधना चाललीय."

त्या रविवारी त्याने ऑर्केस्ट्राचं सुरुवातीचं भावगीत वाजवायला घेतलं. रेडिओमुळे घरोघरी पाठ असलेलं गाणं. जाड तारा बोटांत रुतत होत्या, पण आवाज असा खणखणीत की खिडकीची काच थरथरली. अनुपमाचा हात सुपात थांबला.

"हे काय वाजवताय?"

"आठ वर्षं जे वाजवतोय तेच."

"असं वाजत होतं होय ते," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. त्या 'होय'मध्ये काय होतं ते चंद्रप्रकाशला कळलं नाही, पण आवडलं मुळीच नाही.

दहा मिनिटांत दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई आल्या होत्या. वय पासष्ट, वेंगुर्ल्याच्या, भजनी मंडळाची पेटी तीस वर्षं त्यांच्याच हातात.

"आवाजाचा त्रास होतोय का मावशी?" त्याने विचारलं.

"आवाज बरो आसा रे. पण तिसऱ्या ओळीच्या शेवटाक तुझो सूर वर जाता. तो खाली होयो."

"मावशी, हेच मी पाचशे कार्यक्रमांत वाजवलंय. लोक टाळ्या वाजवतात."

"टाळ्ये त्या गाणाऱ्या बायेक पडतत," सुंदराबाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

चंद्रप्रकाशचा दिवसभर तिळपापड झाला. टाळ कुटणाऱ्या बाईने त्याला गिटार शिकवावी? त्याने हट्टाने पुढच्या तीन दिवसांत तेच गाणं आणखी सहा वेळा वाजवलं. परिणाम एवढाच झाला की तिसरी ओळ सगळ्या बिल्डिंगला पाठ झाली. समोरच्या गॅलरीतला शिवदास दाढी करता करता गुणगुणायचा आणि नेमक्या त्या जागी वस्तरा थांबवून वाट बघायचा. सूर चढला की मान हलवून पुढची दाढी करायचा. वाणसामान आणायला गेलं तर वाणीसुद्धा विचारायचा, "ते तिसऱ्या ओळीचं काय झालं साहेब?"

गुरुवारी तेच गाणं रेडिओवर लागलं. चंद्रप्रकाशने खिडकी लावली, कान रेडिओला टेकवला आणि तिसरी ओळ ऐकली. सूर खाली होता. सुंदराबाई म्हणाल्या होत्या तेवढाच, तसाच. पहिल्यांदा त्याला रेडिओवाल्यांचा संताप आला. मग आठ वर्षांत एकानेही तोंड न उघडणाऱ्या श्रोत्यांचा. शेवटी त्याने गिटार घेऊन तो सूर नीट बसवून घेतला, अगदी हलक्या हाताने, खाली ऐकू जाऊ नये म्हणून.

ऑर्केस्ट्रातल्या कोणाला मात्र त्याने हे सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कबूल करायचं. आणि लवूपुढे कबूल करण्यापेक्षा त्याने गिटार सोडून झांजा घेतल्या असत्या.

पुढच्याच रविवारी त्यांच्याच सोसायटीचा दहावा वर्धापनदिन होता आणि लवूच्याच ऑर्केस्ट्राला बोलावलं होतं. चार वाजता आवारात खुर्च्या भरल्या. दुसऱ्या रांगेत मधोमध सुंदराबाई, त्यांच्यामागे शिवदास. चंद्रप्रकाशने नव्या गिटारची वायर जोडली आणि पहिलीच तार छेडली तेव्हा स्पीकरमधून भोंग्यासारखा आवाज निघाला. पोरांनी कान झाकले.

"पेडणेकर, स्पीकरसमोरून बाजूला सरका," माईकवाला अंबादास म्हणाला. "पोकळ पेटी आहे ती, स्पीकरचाच आवाज परत गिळते."

"मी मध्येच उभा राहतो. पहिल्यापासून."

"मग ती बोंबलणारच."

ती बोंबलली. आणखी दोनदा बोंबलल्यावर अंबादासने सरळ वायरच उपटली आणि गिटारसमोर माईक लावून ठेवला. इतके पैसे मोजून घेतलेलं पिकअप पोटात मुकं राहिलं आणि चंद्रप्रकाश कोपऱ्यात, पेटीवाल्याच्या शेजारी, स्टुलावर बसला. त्याचे कान रागाने लाल झाले होते. पण एक समाधान होतं. आज सुंदराबाईंचं तोंड बंद होणार होतं.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला दुसरी रांग पुढे झुकल्याचं त्याला स्पष्ट दिसलं. शेवट आला. चंद्रप्रकाशने सूर खाली घेतला, स्वच्छ आणि बरोबर.

त्याच क्षणी वनमालाबाईंनी तो वर घेतला. पेटीवाल्यानेही वरच घेतला. बासरीही वर गेली. आठ वर्षं त्यानेच पढवलेला ऑर्केस्ट्रा एकदिलाने चुकला, आणि त्या सगळ्यांच्या खाली त्याचा एकट्याचा बरोबर सूर फुटक्या भांड्यासारखा वाजला. वनमालाबाईंनी गाता गाता मागे वळून त्याच्याकडे जळजळीत पाहिलं. कडव्यानंतर तीच जागा पुन्हा आली. तोही हटला नाही, तेही हटले नाहीत.

मध्यंतरात लवूने त्याला स्टेजमागे गाठलं. "काय रे चंदू, वाट लावलीस ना. आठ वर्षांत कधी चुकला नाहीस, आणि स्वतःच्या बिल्डिंगीत चुकलास?"

"मी बरोबर वाजवलं. तुम्ही सगळे चुकलात."

"सगळे?"

"सगळे."

"आम्हाला शिकवलं कोणी?" लवूने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच चंद्रप्रकाशची बाजू शंभर टक्के खरी होती आणि ती मांडायची सोय नव्हती. वनमालाबाईंची माफी माग, असं लवूने बजावलं. त्याने दात आवळून ती मागितली. "नवीन वाद्य आहे, होतं असं," वनमालाबाई मोठ्या मनाने म्हणाल्या. ते मोठं मन त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराबाई पुन्हा दारात उभ्या होत्या. या वेळी त्यांच्यामागे शिवदास त्यांची पेटी उचलून आला होता. चंद्रप्रकाश भांडायच्या तयारीनेच उठला.

"बस," त्या म्हणाल्या. "काल थंय तू एकटोच बरोबर वाजयलंस. माका कळला."

आठवडाभराच्या अपमानानंतर जगात कोणीतरी एका माणसाने ऐकलं होतं. चंद्रप्रकाशने अनुपमाला चहा ठेवायला सांगितला आणि पाट पुढे सरकवला. सुंदराबाई पाटावर टेकल्या, पेटीचा भाता सोडला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाल्या,

"आता दुसऱ्या ओळीचा बघूया."