रिकाम्या थांब्यावरची रांग

"आज कायम होऊनच घरी या," डबा हातात देत बायको म्हणाली. येताना साबण घेऊन या म्हणावं, तितक्या सहज.

मोजणीबुवांनी मान डोलावली. शहर बस विभागाच्या संशोधन कक्षात ते कंत्राटावर होते. कुठल्या थांब्यावर किती माणसं चढली, किती उतरली हे मोजायचं त्यांचं काम, म्हणून कचेरीने हे नाव ठेवलेलं. कंत्राट आता संपत आलं होतं. कायमची जागा एकच होती, आणि ती मिळणार की नाही हे एका खांबावर अवलंबून होतं.

तो खांब म्हणजे गिरणीच्या वळणावरचा बसथांबा. हा थांबा उगाच आहे, तो काढून टाकावा, असा बुवांचा अहवाल होता. समोरच्या इमारतीच्या जिन्यात सावलीला बसून त्यांनी आठवडाभर तो खांब न्याहाळला होता. तिथे माणूस सोडा, कुत्रंसुद्धा रेंगाळलं नव्हतं. बसही त्याच्याकडे ढुंकून न बघता भुर्रकन निघून जायची.

"अहवाल छान आहे," विभागप्रमुख बाई म्हणाल्या होत्या, "पण जिन्यात बसून नाही, खांबापाशी उभं राहून मोजा. मी स्वतः बघायला येते. थांबा रिकामा दिसला, की तुमच्या कायम होण्याच्या कागदावर सही."

म्हणून बुवा गळ्यात ओळखपत्र अडकवून आणि हातात आकडे मोजायचं यंत्र घेऊन खांबापाशी उभे राहिले. मोजणाऱ्याने प्रवाशांशी बोलू नये, हा नियम त्यांनीच लिहिलेला. जे बोलायचं होतं ते बुवा वरच्याशी बोलले. 'देवा, बाई येऊन जाईपर्यंत या वळणावर कुणाला पाठवू नकोस. दुसरं काही मागत नाही.'

देव बिचारा सवयीने माणसं जोडणारा! माणसं नकोत अशी प्रार्थना त्याला कळायची तरी कशी? लगेच एक मावशी पिशवी सावरत आल्या.

"काय हो, इथे बस थांबायला लागली वाटतं?"

बुवांनी अंगठ्याने यंत्रावर एक आकडा चढवला.

"नाही, तुम्ही उभे आहात म्हणून विचारलं."

बुवांनी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मानेलाही ठाऊक नसावं. मावशींनी होकार धरला आणि पिशवी खाली टेकवली. "बरं झालं बाई! पुढच्या थांब्यापर्यंत चालून गुडघ्यांचा पार भुगा व्हायचा."

समोरचा शिंपी दुकानातून हे बघत होता. त्याने आत तोंड करून हाळी दिली, "अगं, चल लवकर, बस सुरू झाली! साहेब आलेत ऑफिसातून, गळ्यात पाटी आहे!" गळ्यात टेप तसाच ठेवून तो बायकोसह हजर झाला. त्यांच्यामागे कॉलेजच्या दोन मुली आल्या. मुलींमागे एक गृहस्थ आले आणि रांग कशाची आहे हे न विचारताच उभे राहिले.

बुवांचा अंगठा सवयीने प्रत्येकाला मोजत होता. आतून ते रडकुंडीला आले होते. ते हळूच थोडे पुढे सरकले.

"रांग तिकडून आहे वाटतं," शिंपी म्हणाला. सगळी रांग शिस्तीत पुढे सरकली.

आता मात्र नियम गेला उडत. "अहो, इथे बस थांबत नाही!" बुवा ओरडले.

"मग तुम्ही कशाला उभे?" मावशींनी विचारलं.

"मी मोजतोय."

"काय?"

"इथे कुणी येत नाही ते."

शिंप्याने पुढे-मागे नजर टाकली. "आणि आम्ही काय शोभेला उभे आहोत?"

बुवांचा धीर सुटला. कंत्राट, बायको, बाईंची सही, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मावशी विरघळल्या. "अरे लेकरा, आधी नाही का सांगायचं! चला गं, चला हो, सगळे भिंतीमागे. गरिबाच्या नोकरीचा प्रश्न आहे."

आणि खरोखर, ती सगळी देवमाणसं गिरणीच्या भिंतीमागे जाऊन बसली. पण कुतूहल बसू देईना. एकेक डोकं वर येऊ लागलं. तेवढ्यात बस वळणावर दिसली. "खाली व्हा, खाली!" म्हणत बुवांनी जोरात हात हलवला.

हात दिसला, तसा चालकाने करकचून ब्रेक लावला. इतक्या दिवसांनी त्या खांबापाशी कुणी हात केला होता.

बस थांबलेली बघताच भिंतीमागची भूतदया संपली. सगळे धावत सुटले. आणि बसच्या पुढच्या दारातून विभागप्रमुख बाई खाली उतरल्या.

पायरीवर एक पाय ठेवून मावशींनी त्यांना कळवळून सांगितलं, "बाई, यांना कामावरून काढू नका हो! इथे खरंच कुणी येत नाही!"

"चिटपाखरू नाही!" शिंपी दांडा पकडत म्हणाला. "अहो, जरा सरका की आत, माझी बायको राहिलीय!"

बस भरून निघून गेली. बाईंनी हात पुढे केला. बुवांनी यंत्र त्यांच्या हातावर ठेवलं. आकडा पुसायचं बटण बोटाखालीच होतं, पण बोट काही तिकडे वळलं नाही.

"अहवाल बाद," बाई म्हणाल्या.

"हो बाई."

"कागद कुठाय?"

बुवांनी खिशातून कागद काढला. बाईंनी तो पर्सवर ठेवून झरकन सही केली.

"बाई... पण अहवाल तर चुकला ना?"

"अहवाल चुकला. माणूस कामाचा निघाला. आपल्या कित्येक बस रिकाम्या धावतात, बुवा. बस थांबेल यावर लोकांचा विश्वासच उडालाय; तुम्हाला उभं बघून तो परत आला. उद्यापासून असल्या एकेका थांब्यावर जाऊन नुसतं उभं राहायचं. असंच, आत्ता उभे आहात तसं. मोजायला मी दुसरा माणूस देते."

बाई गेल्यावर बुवांनी घरी फोन लावला.

"झालात का कायम?"

"झालो."

"देव पावला! आता काम काय असणार?"

बुवांनी खांबाकडे बघितलं. "बसची वाट बघायची."

"बरं. आणि बस आली की?"

"जाऊ द्यायची."