नोंद नसलेली खोली

खोलीत एक खाट, दोन स्टुलं, एक उशी, पाण्याचा एक तांब्या आणि दाराला आतून एक कडी होती. पंखा नव्हता, पाटी नव्हती, नोंदवही नव्हती. वृषालीने हे सगळं दोनदा मोजलं; मानसशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून एकदाच मोजलेल्या गोष्टीवर ती विश्वास ठेवत नसे. जिची नोंदवही नाही ती खोली वापरात नाही, हे उघडच होतं. तिने लिहिलं : ‘जागा उपलब्ध.’

जागा हवी होती ‘परिचारिका मनोबल संवर्धन कक्षा’साठी. अवघड बाळंतपणं, दगावलेली बाळं, त्यांच्या घरच्यांचा आक्रोश हे सगळं झेलून सिस्टर खचतात आणि त्यांना कुणी विचारत नाही, हे वृषालीच्या मनाला खरोखर लागलं होतं. म्हणून आंबेगाव तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक म्हणून रुजू होताच तिने प्रसूती विभागातल्या पाच सिस्टरांना प्रश्नावली भरायला दिली.

“‘गेल्या आठवड्यात किती वेळा हताश वाटलं?’” वैजयंती सिस्टरांनी मोठ्याने वाचलं. “ताई, ड्युटीवरचं धरायचं, का घरचं पण?”

वृषालीला प्रश्न शास्त्रीय वाटला. तिने दोन रकाने पाडले.

“आणि ती खोली मोकळी नाही बरं का,” सिस्टर म्हणाल्या. “जिचं बाळ गेलं, तिला आम्ही तिथं निजवतो. वॉर्डात दुसऱ्यांची पोरं रडतात ना. मग आमच्यातलं कुणीतरी घटकाभर तिच्याजवळ बसतं.”

“तशी नोंद आहे?”

“नोंद कशाची ठेवायची, ताई? बसल्याची?”

आठवड्याभरात खाट गेली. गालिचा, धबधब्याचं पोस्टर आणि दोन बीन बॅगा आल्या. उद्घाटनाच्या दिवशी बीन बॅगेत बसलेल्या सिस्टरला उठवायला दुसरी सिस्टर लागली. अहवालात वृषालीने याला ‘परस्पर सहकार्यात वाढ’ म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यात डिंभ्याकडची समृद्धी बाळंत झाली. बाळ वाचलं नाही. तिला चार नंबरची खाट मिळाली. तीन नंबरला मुलगा झालेला, पाच नंबरला मुलगी. सासू गजराबाई तिच्या कानांवरून स्कार्फ बांधत होती.

“वारं लागंल गं,” ती म्हणाली. “बाळंतपन ते बाळंतपन. पोर असू दे, न्हाई तर नसू दे.”

वैजयंती सिस्टर तडक वृषालीकडे आल्या. “तिला दोन दिवस खोली द्या.”

“सिस्टर, कक्ष फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे. पण तिला बघून तुम्हाला त्रास होतोय ना? मग तुम्ही या.”

“म्हणजे तिचं दुःख बघून मी दमले, म्हणून मी आत बसायचं आणि ती बाहेर?”

“अगदी बरोबर!” वृषालीला आनंद झाला. नियम इतक्या नेमकेपणाने आजवर कुणालाच समजला नव्हता.

सिस्टर आत गेल्या नाहीत. चार नंबरपाशी स्टूल ओढून गप्प बसल्या. बाकीच्याही कक्षाकडे फिरकत नव्हत्या. उद्घाटन सोडलं तर वापर शून्य. तो असाच राहिला तर उपक्रम बंद होणार, म्हणजे सिस्टरांना आधार द्यायला जगात कुणीच उरणार नाही. त्यांच्याच भल्यासाठी वृषालीने दुसऱ्या दिवशी वरून आदेश आणवला : ड्युटीवरच्या सिस्टरांनी रोज वीस मिनिटं सक्तीने मन हलकं करावं. बीन बॅगेतून उठवायला दुसरी लागते, तेव्हा दोघींनी एकदमच.

“आणि हिच्याजवळ कोण?” वैजयंती सिस्टरांनी स्टुलावरून न हलता विचारलं.

“मी बसते ना.”

सिस्टर उठल्या. कक्षाचं दार लागलं, आतून कडी पडली. वृषाली स्टुलावर टेकली. गजराबाईने तिच्याकडे एकदा निरखून पाहिलं.

“काय बोलू नगं, बाई,” ती म्हणाली. “सिस्टर बसती ना, तशी नुसती बस.”

वृषालीला नुसतं बसता येईना. तिने मोबाइलवर वीस मिनिटांचा टायमर लावला आणि वही उघडली.

वीस मिनिटांत तीन नंबरचं बाळ सहा वेळा रडलं, पाच नंबरचं नऊ वेळा. समृद्धीने कानांवरचा स्कार्फ पंधरा वेळा आवळला.