न पोचलेल्यांचे दाजी

तारकर्लीत कोणी म्हातारं माणूस दिसलं की दाजी तांडेल रामराम करत नसत. लांबूनच ओरडत, "पोचली?" एकदा तर मयताच्या अंगणात त्यांनी रडणाऱ्या जावयाला बाजूला घेतलं. "जावच्या आदी पोचली काय रे?"

हा प्रश्न होता सरकारी मदतीचा. निराधार वृद्धांना दरमहा काही द्यायचं ठरलं होतं. मालवणच्या सभेत एका पुढाऱ्याने ती "घराघरात पोचली" असं ठणकावून सांगितलं आणि दाजींचं डोकं फिरलं. भर सभेत उठून म्हणाले, "कोणाच्या घरात? नावां सांग!" लोकांनी त्यांना हात धरून खाली बसवलं. दुसऱ्या दिवसापासून धोतर खोचून ते वाडीवाडीत हिंडू लागले, आणि त्यांच्यामागे मी. त्यांचा हिशोब मला पटला होता.

"सरकार जेवलेल्यांका मोजता," दाजी म्हणत. "ज्येंका पंगतीत बसाक गावला नाय, तेंका कोण मोजतलो?"

खरी मेख एका प्रश्नात होती. तालुक्याचा कारकून दारात येऊन विचारी, "तुम्हाला कोणी आहे का?" आणि आमची माणसं ताठ मानेने सांगत, "आसा!" मुंबईला गेलेल्या मुलाचं वर्षानुवर्षं पत्र नसलं, तरी "कोणी नाही" हे शब्द आपल्याच उंबरठ्यावर कोण उच्चारणार? कारकून 'आधार आहे' असं लिहून पुढची पायवाट धरी.

मग दाजी दारासमोरच्या दगडी गडग्याआड दबा धरून बसू लागले. भागी म्हातारीच्या दारातला प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला.

"आजी, तुम्हाला कोणी आहे का?"

"आसत तर! चार झील मुंबयत. तुका काय वाटला?"

गडग्यावरून दाजींचं डोकं वर आलं. "नाय म्हण गो! एक पैसो धाडणत नाय ते. नाय म्हण!"

"तुझ्या तोंडात माती पडो! जिते झील नाय म्हणू?"

दाजींनी टोपी काढून जमिनीवर आपटली. मी कारकुनाला गाठलं. "कोण आहे ते काय विचारता? कोण पोसतं ते विचारा!"

"प्रश्न वरून आलाय," तो म्हणाला. "मी बदलू?"

दाजींच्या घरी तो आला तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. त्यांचं गलबत कधीच विकलं गेलं होतं. हात इतके थरथरत की जाळं धरवत नसे. चूल कधी पेटे, कधी नाही. एकुलता मुलगा बोटीवर खलाशी म्हणून गेला, त्यानंतर त्याचा पत्ताच नव्हता. मदत मिळाली नाही तर या माणसाचा पावसाळा निघणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण मी निर्धास्त होतो. जे उत्तर त्यांनी अख्ख्या गावाकडून घोकून घेतलं, ते त्यांना अवघड कसलं?

"दाजी, तुम्हाला कोणी आहे का?"

दाजींनी खांबाला हात टेकला.

"आसा," ते म्हणाले. "झील आसा."

कारकुनाने लिहून घेतलं. मी भडकलो. "दाजीनु, ह्या काय बोललात?"

कारकून अंगणाच्या बेड्याबाहेर पडला. मग दाजी हळूच म्हणाले, "मी नाय म्हटलंय आणि ता त्याच्या कानार गेला, तर मगे तो कशाक येतलो रे?"